पालेंके : तीन दगडांची चूल आणि देवांची घरं

ओंजळभर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आठवडाभर मेक्सिकोच्या चियापास प्रांतात होतो, त्यातले दोन दिवस पालेंकेला, म्हणजे प्राचीन माया लोकांच्या एका शहराच्या अवशेषांत. जंगलाने वेढलेल्या डोंगरउतारावर पांढुरकी, पायऱ्यापायऱ्यांची मंदिरं, असे तिथले फोटो बऱ्याच जणांनी पाहिले असतील. फोटोत जे येत नाही त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पोचलो त्या संध्याकाळी एका चोल कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. चोल ही मायाकुळातलीच एक भाषा, त्या भागात आजही घराघरांत बोलतात. स्वयंपाकघर म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली खोप. मधोमध जमिनीवर तीन दगड, त्यांवर सपाट तवा, खाली लाकडं सारलेली. आजोळी परसात पाणी तापवायला होती तशीच चूल. त्या बाई मक्याच्या भाकऱ्या थापत होत्या आणि मी नुसती त्या दगडांकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला ‘क्रूस मंदिरांचा समूह’ म्हणतात त्या चौकात गेले. उत्तरेला एक देऊळ, पूर्वेला एक, पश्चिमेला एक. उंच जोत्यांवरची तीन देवळं आणि मध्ये मोकळं अंगण. मायांच्या समजुतीप्रमाणे सध्याचं जग सुरू झालं ते देवांनी तीन दगड रोवले तेव्हा. आपल्या कालगणनेत ती तारीख इ.स.पू. ३११४ च्या ऑगस्टात येते. ग्वाटेमालातल्या किरिग्वाच्या एका स्तंभलेखात हे दगड रोवणं शब्दांत कोरलेलं आहे. पालेंकेच्या या तीन देवळांचं नातं अभ्यासक त्या तीन दगडांशी जोडतात. मला ते आदल्या रात्रीच्या चुलीमुळे एका क्षणात पटलं. जग मांडायचं म्हणजे आधी चूल मांडायची.

आता थोडं सविस्तर. ही देवळं राजा कान बालाम याने बांधली, तो ६८४ मध्ये गादीवर आला. तिन्ही देवळांची प्रतिष्ठापना ६९२ च्या जानेवारीत झाली. पालेंकेच्या राजघराण्याचे तीन कुलदेव होते, भाऊभाऊ. लेखांप्रमाणे त्यांचा जन्म इ.स.पू. २३६० मधला, तिघांचाही अवघ्या अठरा दिवसांच्या आत. प्रत्येक भावाला एक देऊळ. उत्तरेचं सर्वांत उंच, तिथे मुख्य शिल्पात जगाचा वृक्ष आहे, वर पक्षी बसलेला. युरोपीय पाहुण्यांना त्या झाडाच्या आडव्या फांद्यांत क्रूस दिसला आणि ‘क्रूस मंदिर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पूर्वेच्या देवळात झाडाच्या जागी मक्याचा ताट आहे, आणि कणसांच्या जागी माणसांची डोकी. मायांच्या सृष्टिकथेत माणूस मक्याच्या पिठापासून घडवलाय, तेव्हा हे शिल्प शब्दशः वाचायचं. पश्चिमेच्या, म्हणजे सूर्य मंदिराच्या शिल्पात मधोमध ढाल आणि आडव्यातिडव्या भाल्यांची जोडी. मावळतीची दिशा, युद्धाची दिशा.

मला जास्त अडकवून ठेवलं ते मात्र आतल्या खोलीने. या प्रत्येक देवळात मागच्या दालनात आणखी एक छोटं घर आहे, स्वतःचं छप्पर असलेलं. देवळात देऊळ. आपण चटकन ‘गाभारा’ म्हणून मोकळे होतो. पण तिथल्या लेखात त्या खोलीचं नाव कोरलंय : पिब नाह. ‘पिब’ म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी, ‘नाह’ म्हणजे घर. स्टीफन ह्यूस्टन या अभ्यासकाने १९९६ मध्ये मांडलं की ही खोली म्हणजे वाफेच्या न्हाणीचं प्रतीक आहे. माया गावांत अशी न्हाणीघरं असत, काही ठिकाणी अजून आहेत. दगड तापवायचे, पाणी शिंपडायचं, कोंडलेल्या वाफेत बसायचं. आणि तिथे मुख्यतः कोण जात असे? गरोदर बाया आणि बाळंतिणी. म्हणजे देवाच्या मूर्तीची ही खोली देवाचं बाळंतघर आहे. आपल्याकडची शेकशेगडी आणि धुरी आठवली की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक. नवीन वास्तू बांधून झाली की मायांचे लेख एक ठरावीक शब्दप्रयोग करतात : ओची काक, ‘अग्नी आत शिरला’. घरात, देवळात, कधी थडग्यातसुद्धा. म्हणजे वास्तुशांतच. वास्तूला नाव असे, मालक असे, तिच्यात अग्नी नेला की ती राहती होई.

शिलालेख मंदिर आणि पाकाल राजाच्या समाधीबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, ते प्रतिसादांत येईलच. चुकलं असेल तिथे सांगा.

गवंडीकाम

छान लिहिलंय. पेशाने बांधकामातला असल्याने छपराबद्दल दोन शब्द.

मायांनी खरी कमान बांधली नाही. त्यांची कमान म्हणजे दोन्ही भिंतींतून दगडांचे थर एकेक बोट पुढे काढत आणायचे आणि वर अंतर उरलं की झाकणीचा दगड ठेवायचा. आपल्या जुन्या देवळांत मंडपाचं छत याच पद्धतीने वर गोळा होत जातं, फक्त आपण ते गोलाकार नेलं आणि त्यांनी लांबट ठेवलं. या पद्धतीची मर्यादा अशी की खोली रुंद करता येत नाही आणि भिंती प्रचंड जाड लागतात. म्हणून बहुतेक माया वास्तू आतून अंधाऱ्या बोळासारख्या वाटतात.

पालेंकेच्या कारागिरांनी यातून वाट काढली. त्यांनी दोन लांब दालनं शेजारी-शेजारी घेतली, मधली भिंत दोघांत सामाईक. दोन्ही कमानी त्या मधल्या भिंतीवर एकमेकींना रेलतात. बाहेरचं छप्पर सरळ उभं न ठेवता आतल्या कमानीच्या उताराला समांतर तिरकं घेतलं, म्हणजे वजन कमी. भिंती पातळ झाल्या, दारं रुंद झाली, उजेड आत आला. वर जी उभी जाळीदार भिंत दिसते, तिला शिखराचा तुरा म्हणू, तीही याच मधल्या भिंतीच्या डोक्यावर उभी आहे. जाळी ठेवली ती वजनासाठी.

आणि ते तिरकं छप्पर बाहेरून पाहिलंत तर शाकारलेल्या झोपडीसारखंच दिसतं. ओंजळभर म्हणतात ते ‘घर’ इथेही आहे.

दिठी

वाचनखूण साठवली.

भाषेतला मुद्दा. पाकाल या नावाचा अर्थ ‘ढाल’. कोरणारे कधी सरळ ढालीचं चित्र काढत, कधी अक्षरांनी लिहीत, आणि कधी चित्राला अक्षराची जोड देत. अक्षरं तीन : पा-का-ला. लिपी आपल्यासारखीच अक्षरांची आहे, प्रत्येक चिन्हात व्यंजन आणि स्वर एकत्र. शब्द व्यंजनात संपत असेल तर शेवटच्या चिन्हातला स्वर बोलायचा नाही, नुसता लिहायचा. म्हणून पा-का-ला लिहायचं आणि पाकाल् म्हणायचं.

मराठी माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही! आपण ‘कमळ’ लिहितो आणि ‘कमळ्’ म्हणतो. पाश्चात्त्य अभ्यासकांना हा नियम पटायला कित्येक वर्षं लागली, आणि आपल्याकडे पहिलीतलं पोर रोज हेच करतं.

१९७३ च्या डिसेंबरात पालेंके गावातच एक परिषद भरली होती. तिथे लिंडा शील, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी या माया लिपीच्या अभ्यासकांनी एका बैठकीत या राजघराण्याची वंशावळ बरीचशी लावून दाखवली. त्याआधी ही माणसं नुसती कोरीव चित्रं होती, त्यानंतर त्यांना जन्मतारखा आणि आईबाप मिळाले.

अश्वत्थ

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. एक प्रश्न, कृपया गैरसमज नसावा. महाभारतात पांडवांची मयसभा बांधणारा मय दानव आहे. ‘माया’ लोक आणि मय यांचा संबंध असल्याचं लहानपणापासून ऐकतो. पिरॅमिडच्या पायऱ्या, गाभारा, शिखर, साम्य इतकं आहे की नुसता योगायोग वाटत नाही. यावर अभ्यासकांचं म्हणणं काय?

ओंजळभर

@अश्वत्थ, गैरसमज कसला? माझ्या काकांनीही हेच विचारलं होतं.

‘माया’ हे नाव युकातानमधल्या मायापान या बऱ्याच नंतरच्या शहराच्या नावाशी निगडित आहे. पुढे ते सगळ्याच लोकसमूहांना सरसकट लावलं गेलं. पालेंकेचे लोक स्वतःला माया म्हणवत नव्हते. त्यांचं राज्य बाकाल, म्हणजे ‘हाड’, आणि शहर लाकामहा, म्हणजे ‘मोठं पाणी’. पालेंके हा स्पॅनिश शब्द, अर्थ लाकडी कुंपणाचा कोट. तेव्हा नावातलं साम्य उच्चारापुरतंच.

साम्याबद्दल मला असं वाटतं : डोंगरात देव राहतो आणि गुहेत गूढ असतं हे जगभरच्या माणसांना स्वतंत्रपणे सुचलेलं आहे. माया लेखांत पिरॅमिडला ‘विट्स’ म्हणतात, म्हणजे डोंगर. देवळाचं दार ही गुहा. आपल्याकडेही वेरूळला कैलास आहे. पण तिथे तो डोंगर कोरून काढला, इथे सपाटीवर भर घालून उभा केला. आणि आतली खोली जर देवाचं बाळंतघर असेल, तर ती आपल्या गाभाऱ्याहून वेगळी कल्पना आहे. ‘हे आपलंच’ म्हटलं की ते वेगळेपण दिसेनासं होतं, आणि मला तेच बघायला आवडलं.

सह्यवारा

मग पाकालच्या शवपेटीवर ‘अंतराळवीर’ कोरलाय म्हणतात, त्याचं काय? त्यावर व्हिडिओ पाहिले आहेत, खरं काय ते जाणून घ्यायचंय.

ओंजळभर

@सह्यवारा, आधी समाधीची हकिगत सांगते.

किनिच हनाब पाकाल ६०३ मध्ये जन्मला, ६१५ मध्ये बाराव्या वर्षी राजा झाला आणि ६८३ मध्ये वारला. अडुसष्ट वर्षं राज्य. स्वतःच्या समाधीचं काम त्याने हयातीत सुरू केलं आणि ते त्याचा मुलगा कान बालाम याने पुरं केलं. वरच्या देवळात ६१७ चित्राक्षरांचा लेख आहे, म्हणून शिलालेख मंदिर.

१९४९ मध्ये आल्बेर्तो रुस या पुरातत्त्वज्ञाचं लक्ष देवळाच्या फरशीतल्या एका शिळेकडे गेलं. तिला भोकं होती आणि त्यांत दगडी बुचं बसवलेली. शिळा उचलली तर खाली दगडमातीने ठासून भरलेला जिना. तो मोकळा करायला चार हंगाम गेले. १९५२ च्या जूनमध्ये ते तळाशी पोचले. तिथे त्रिकोणी शिळेचं दार, बाहेर बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे आणि आत दगडी शवपेटी. झाकण सुमारे ३.८ मीटर लांब, २.२ मीटर रुंद. एवढी पेटी त्या जिन्यातून उतरूच शकत नाही. म्हणजे आधी पेटी ठेवली आणि मग तिच्यावर डोंगर रचला.

आता झाकणावरचं चित्र. अंतराळवीर दिसायला ते चित्र आडवं धरावं लागतं. उभं धरलं की पाकाल पाठीवर रेललेला दिसतो, खाली पाताळाचा उघडलेला जबडा, त्याच्या अंगातून वर जगाचा वृक्ष आणि वृक्षावर पक्षी. हाच वृक्ष, हाच पक्षी क्रूस मंदिरातल्या शिल्पात आहे, तिथून चालत पाच मिनिटांवर. अंगावर मक्याच्या देवाचा जाळीदार मण्यांचा पेहराव आहे. बी जमिनीत जातं आणि ताट होऊन वर येतं, तसा राजा.

माझा साधा नियम झालाय : चित्र, लेख आणि दगड तिघेही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायचा. इथे तिघेही एकच सांगतात.

चिकूवाडी

मी डहाणूकडचा बागायतदार, पुरातत्त्वातलं काही कळत नाही. पण शवपेटीच्या बाजूंना फळझाडं कोरलीत असं वाचलं होतं, ते खरं का?

ओंजळभर

@चिकूवाडी, अगदी खरं, आणि मी ते लिहायला विसरले म्हणून आभार. पेटीच्या चारही बाजूंना पाकालचे पूर्वज जमिनीतून उगवताना दाखवलेत, प्रत्येकाच्या मागे एक फळझाड. कोको, अव्होकाडो, पेरू, सापोते. त्याची आई साक कुक कोकोच्या झाडासह उगवते. म्हणजे राजा मधोमध आणि सभोवती वाडवडिलांची बाग.

मूळ समाधी सध्या लोकांना बघता येत नाही. पालेंकेच्या संग्रहालयात हुबेहूब प्रतिकृती आहे, काचेपलीकडे. मी पेरूच्या बाजूला बराच वेळ उभी होते.

चिकूवाडी

वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे बांधावर वाडवडिलांच्या नावाने झाड लावायची पद्धत आहे.

अवांतर : आपला चिकूही मूळचा तिकडचाच. चीक निघतो म्हणून चिकू, असं आम्ही लहानपणी समजायचो, पण नाव तिकडूनच आलंय. त्या चिकाचंच पूर्वी च्युइंगम करत. लाकूड फार कठीण. ग्वाटेमालातल्या तिकाल शहरात देवळांच्या दारांवरच्या आठव्या शतकातल्या तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत आणि त्यांवरचं कोरीवकाम टिकलंय. आमच्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी हे सगळं वाचून काढलं होतं.

दिठी

सुंदर प्रतिसाद, चिकूवाडी.

थोडी असहमती नोंदवतो, मूळ लेखाशी नाही, इतरत्र वाचायला मिळणाऱ्या गोष्टीशी. शिलालेख मंदिराचे नऊ टप्पे म्हणजे पाताळाचे नऊ थर, असं जवळपास सगळीकडे छापलेलं असतं. पण नऊ पाताळं आणि तेरा स्वर्ग असं थरांचं विश्व मुख्यतः स्पॅनिश अमदानीतल्या लिखाणावरून जुळवलं आहे, आणि ते प्राचीन मायांना लावावं का यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नऊ हा आकडा त्यांना महत्त्वाचा होता यात शंका नाही, समाधीच्या भिंतींवरही नऊ आकृत्या आहेत. पण टप्पे मोजून लगेच पाताळ गाठू नये.

ओंजळभर

@दिठी, मान्य. मीही म्हणूनच नवाचा उल्लेख टाळला होता. तिथल्या वाटाड्याने मात्र तो पाठ केल्यासारखा सांगितला.

अशी दुरुस्ती पालेंकेत पुष्कळदा झाली आहे. क्रूस मंदिरांतल्या शिल्पांत वृक्षाच्या दोन बाजूंना दोन माणसं आहेत, एक मोठा, एक लहान. लहान म्हणजे वारलेला पाकाल आणि मोठा त्याचा मुलगा, असं बरीच वर्षं मानत. आता लेखांवरून वाचतात ते असं : दोघेही कान बालामच. एक ६४१ मधला, सहा वर्षांचा, युवराज म्हणून पुढे आणलेला. दुसरा राजा झालेला. लहानग्याला कापडात इतकं गुंडाळलंय की हात जेमतेम बाहेर दिसतात.

सह्यवारा

अंतराळवीराबद्दल धन्यवाद, चित्र उभं करून पाहिलं आणि झाड लगेच दिसलं. आता फक्त २०१२ चं विचारायचं राहिलं.

दिठी

@सह्यवारा, त्याचं उत्तर शिलालेख मंदिरातच आहे. त्या लेखात पाकालच्या राज्यारोहणाचा वाढदिवस पुढे मोजत नेलाय आणि जी तारीख दिलीय ती आपल्या ४७७२ सालातली. ज्यांना २०१२ मध्ये जग संपणार असं वाटत होतं, ते चार हजार वर्षांनंतरचा समारंभ कशाला कोरून ठेवतील?

नलूमावशी

सगळं सावकाश वाचलं. लेकीने फोटोही मोठे करून दाखवले. मला त्या राजाच्या बायकोबद्दल कुतूहल आहे. त्याच्यासाठी एवढा डोंगर, आणि तिच्यासाठी?

ओंजळभर

मावशी, शिलालेख मंदिराला लागूनच एक लहान देऊळ आहे, १३ क्रमांकाचं. १९९४ मध्ये तिथे एका स्त्रीची समाधी सापडली. सर्वांगावर हिंगूळ पसरलेला, हाडंसुद्धा लाल झालेली, म्हणून तिला ‘लाल राणी’ म्हणतात. शवपेटीवर नाव नाही. ती पाकालची राणी त्साकबू अहाव असावी असं बहुतेकांचं मत आहे. ती त्याच्या अकरा वर्षं आधी, ६७२ मध्ये वारली. म्हणजे राजाने स्वतःची समाधी बांधायला घेतली ती तिच्या शेजारी. लेखात कुणी तसं म्हटलेलं नाही, पण नकाशावर दोन्ही इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत.

गवंडीकाम

ओतुलुम ओढ्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? शहराचं नावच ‘मोठं पाणी’. हा ओढा राजवाड्याच्या पूर्वेकडून जातो, आणि मायांनी त्याला दगडी, कमानदार बंदिस्त नाल्यातून खेळवलाय. वर चौक, खाली पाणी. बांधकाम म्हणून तो नाला मला देवळांइतकाच मोलाचा वाटतो.

२०१६ मध्ये तर शिलालेख मंदिराच्या पायाखालीही पाण्याचा मार्ग सापडल्याचं तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी जाहीर केलं. मृताला पाण्याची वाट मोकळी असावी, हा त्यामागचा भाव असावा असं ते म्हणतात. निचऱ्याची सोय म्हणूनही ते बरोबर बसतं. माझ्या मते बांधणाऱ्याच्या मनात दोन्ही एकदमच असणार.

नलूमावशी

आणि वरून? पाण्याची वाट खालून, मग वरच्या माणसांना खालच्याशी काही बोलायचं असेल तर?

ओंजळभर

मावशी, त्याचीही सोय आहे. शवपेटीपासून एक दगडी पोकळ नळी निघते आणि जिन्याच्या पायरी-पायरीला चिकटून वर देवळाच्या फरशीपर्यंत येते. मध्ये वीसेक मीटरचा डोंगर. जिना दगडमातीने भरून बंद केला तेव्हाही ही नळी मोकळीच ठेवली होती. वरच्याचा श्वास खाली जावा आणि खालच्याचा वर यावा म्हणून, असं रुस यांना वाटलं.

नलूमावशी

आमच्या सासरी नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटवून दूध उतू घालवलं होतं, त्याची आठवण झाली. दगड सासूबाईंनी जुन्या घरातून आणले होते, दुसरे चालणार नाहीत म्हणाल्या. तू पाहिलेस ते दगड कसे होते गं? घडवलेले की असेच उचललेले?

ओंजळभर

असेच उचललेले, मावशी. ओढ्यातले, गुळगुळीत. दोन सारखे होते आणि तिसरा जरा बुटका, त्याच्याखाली त्यांनी खापराचा तुकडा सरकवून तवा सपाट केला होता.